टेक्श्चर पेस्ट, भेगा आणि ‘हात चालेल तसं’: अमूर्त चित्राच्या थरांबद्दल

खडबडीत
घरी बनवलेली टेक्श्चर पेस्ट (चित्रावर उंचवटे उभे करायचा लगदा) जाड दिली की तडकते, ही तक्रार इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेली आहे. एका जागी चर्चा व्हावी म्हणून हा धागा. सगळीकडे फिरणारी कृती अशी: एक वाटी फेविकॉल, दोन वाट्या संगमरवराची पूड, थोडा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, आणि श्रीखंडाइतकं घट्ट होईल इतपत पाणी. कॅनव्हासवर पाच-सहा मिमी थर, वर पंखा. दुसऱ्या दिवशी मधोमध भेगा आणि काही दिवसांनी कोपऱ्यांतून पापुद्रे.

प्रश्न तीन आहेत. नेमकं प्रमाण काय? आधार (कॅनव्हास की फळी) कोणता घ्यावा? आणि तिसरा जरा वेगळा: इतकी मोजमापं सांभाळायची तर अमूर्तात ज्याला आपण ‘हात चालेल तसं’ म्हणतो, ते करायचं कधी?

वजनकाटा
पहिली अडचण वाटीची. संगमरवराची पूड किती बारीक आहे आणि किती दाबून भरली यावर एका वाटीत मावणारं वजन बदलतं. पूड वजनावर घ्या.

६० × ६० सेंमीसाठी: घट्ट मॅट अ‍ॅक्रिलिक माध्यम (चमक नसलेला, रंगात मिसळायचा अ‍ॅक्रिलिक गोंद; पुढे नुसतं ‘माध्यम’) ५०० मिली, बारीक संगमरवर पूड ८०० ग्रॅम, टायटॅनियम व्हाइट दोन-तीन चमचे. याची साधारण ८०० मिली पेस्ट होते. सरासरी २ मिमीचा थर द्यायचा तर ७२० मिली लागते, म्हणजे थोडी उरते. ती दुरुस्तीसाठी झाकून ठेवा. पाणी घालू नका. पेस्ट फारच घट्ट वाटत असेल तर माध्यमच चमचाभर वाढवा.

आता भेगा का पडतात ते पाहू. माध्यमात निम्म्याहून जास्त पाणी असतं. वरच्या ८०० मिलीतून पाणी उडालं की मागे साधारण ५२० मिली उरतं, म्हणजे आकारमान एक तृतीयांशाने घटतं. थर खाली आधाराला चिकटलेला असल्यामुळे तो आडवा आकसू शकत नाही, फक्त जाडीत बसतो आणि आत ताण साठतो. पातळ थर हा ताण सोसतो. जाड थराची वरची साय आधी सुकते, आतला ओला भाग नंतर आकसतो, आणि वरची साय फाटते. पंखा लावला की हा फरक आणखी वाढतो. त्यात वरून घातलेलं पाणी म्हणजे आकसायला आणखी आकारमान आणि चिकटायला कमी गोंद.

ओला थर ३ मिमीच्या वर नको. ६ मिमी उंची हवी तर तीन थर द्या, प्रत्येक थरामध्ये उन्हाळ्यात २४ तास आणि पावसाळ्यात ४८ ते ७२ तास ठेवा. वर वर्तमानपत्राचा सैल तंबू केला तर वरची साय उशिरा धरते.

निळी_शाई
+१. मग पूडच वाढवली तर आकसणं कमी होणार नाही का? १ किलो २०० ग्रॅम घातली तर?

वजनकाटा
आकसणं कमी होईल, पण कणांना धरून ठेवायला गोंद पुरणार नाही. ८०० ग्रॅमला सुकलेल्या थरात कणांचा वाटा साधारण ५७ टक्के येतो. १२०० ग्रॅमला तो ६६ टक्क्यांवर जातो. मग पृष्ठभागावर नख ओढलं की पांढरी पूड हाताला लागते. असा थर कडक आधारावर टिकेल, कॅनव्हासवर नाही. त्यापेक्षा बारीक पुडीतली २०० ग्रॅम काढून तिच्या जागी जाडसर रेती घाला. जाड कणांना लपेटायला गोंद कमी लागतो, त्यामुळे भेगाही कमी होतात.

आणखी एक: पूड माध्यमात घाला, माध्यम पुडीत नाही. चमचा-चमचा घालून पसरट पट्टीने दाबत मिसळा. मिक्सर किंवा रवी फिरवली की हवा भरते, आणि सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. झाकून तासभर ठेवली की बुडबुडे बरेचसे वर येतात.

गेरू_काव
फेविकॉलबद्दल: शिकायला आणि चाचणी तुकड्यांना हरकत नाही. पण लाकडाचा साधा पांढरा गोंद सुकल्यावरही दमट हवेत मऊ पडतो आणि वर्षांनी पिवळा पडतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळच्या भिंतीवर टांगायचं चित्र असेल तर अ‍ॅक्रिलिक माध्यमच घ्या.

वॉल पुट्टीबद्दलही सारखं विचारलं जातं. भुकटीच्या रूपात मिळणारी पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. ती अल्कधर्मी आणि ठिसूळ. भिंतीवर ठीक, कॅनव्हासवर मात्र, तो गुंडाळणं सोडाच, बोटाने मागून दाबलं तरी तडकते. डब्यातली ओली अ‍ॅक्रिलिक पुट्टी त्यापेक्षा बरी, पण तिच्यात गोंद बेताचाच असतो. ती वापरायची तर चार भागाला एक भाग माध्यम मिसळा आणि आधार लाकडी ठेवा. पीओपी काही मिनिटांतच धरायला लागतं, त्यामुळे हाताला वेळ मिळत नाही. पाण्याऐवजी गोंदाचं पाणी घातलं तर ते थोडं उशिरा धरतं आणि ठिसूळपणाही कमी होतो, पण तेही फक्त फळीवर.

सुतारपक्षी
आधाराचं मी सांगतो.

कॅनव्हास: ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचा सुती, चौकटीची पट्टी दीड इंच खोल, आणि पेस्टची सुकलेली जाडी २ मिमीपर्यंतच. लावताना मागच्या पोकळीत थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचा नेमका कापलेला तुकडा सरकवा, नाहीतर पॅलेट नाइफच्या (पेस्ट पसरवायच्या बोथट सुरीच्या) दाबाने मधला भाग खाली जातो आणि चौकटीच्या आतल्या कडेची रेघ चित्रात उमटते. कोपऱ्यातल्या पाचरी आधीच ठोकून घ्या. पेस्ट सुकल्यावर पाचरी ठोकल्या तर कोपऱ्यातून तिरकी भेग जाणारच. मूळ प्रश्नातले कोपऱ्यांतले पापुद्रे बहुधा याच ताणाचे असावेत.

फळी: १२ मिमीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) ६० × ६० मध्ये सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. ६ मिमी घेऊन मागे एक इंचाच्या लाकडी पट्ट्यांची चौकट चिकटवली तर वजन बरंच वाचतं आणि फळी वाकत नाही. एमडीएफचा शत्रू पाणी. पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा अशा सगळीकडून दोन-दोन हात प्रायमर हवाच. फक्त पुढून लावला तर दोन्ही बाजू दमटपणा वेगवेगळा ओढतात आणि फळी पन्हाळते. कडा तर कागदासारखं पाणी पितात, तिथे तिसरा हात द्या.

कारखान्यातून आलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो. प्रायमरआधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. पेस्ट अख्खीच्या अख्खी सोलून निघते तेव्हा दोष बहुतेक वेळा पेस्टचा नसतो, या न घासलेल्या पृष्ठभागाचा असतो.

गेरू_काव
पेस्टमध्ये काय घालावं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच जास्त होतं.

रेती: नदीची किंवा बांधकामाची चालेल, पण तीन-चार पाण्यांत धुऊन, उन्हात वाळवून, चहाच्या गाळणीने चाळून. समुद्राची रेती टाळा. तिच्यातलं मीठ पूर्ण निघालं नाही तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि रंगावर पांढरी बुरशीसारखी भुकटी फुटते. पुष्कळजण तिला बुरशी समजून फिनाइलने पुसत बसतात.

रांगोळी: पांढरी रांगोळी स्वस्त आणि छान बारीक असते, पण ती कुठे संगमरवराची, कुठे डोलोमाइटची, तर कुठे गारेच्या दगडाची (क्वार्ट्झची) मिळते. चिमूटभर घेऊन वर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर संगमरवर किंवा चुनखडी, मंद फसफसली तर डोलोमाइट, काहीच झालं नाही तर गारेचा दगड असण्याची शक्यता जास्त. गारेची धूळ फुप्फुसांना फार वाईट. ती पूड कोरडी चाळू नका आणि सुकलेला थर कोरडा घासू नका. तसंही कुठलीही पूड मिसळताना एन-९५ मास्क हवाच. रंगीत रांगोळी पेस्टमध्ये नको, तिचा रंग पाण्यात सुटतो आणि उजेडात उडतो.

गोणपाट: आधी गरम पाण्यात धुवा, म्हणजे त्याची खळ आणि तेल निघून जातं. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी माध्यमाचा हात द्या आणि मगच पेस्टमध्ये दाबा. कोरडा गोणपाट पेस्टमधलं पाणी शोषून घेतो आणि त्याच्याभोवती पोकळी राहते.

अंड्याची टरफलं: उकळून आतला पडदा काढून टाका. तो राहिला तर वास आणि किडे दोन्ही येतात.

डाळ, तांदूळ, कॉफी, चहाचा चोथा, सुकी पानं: नको. वरून कितीही वार्निश दिलं तरी मागून किंवा भेगेतून ओलावा जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते.

लोखंडाचा कीस गंजाच्या छटेसाठी घालतात. दिसतो सुंदर, पण दमट गावी गंजणं थांबत नाही आणि तांबूस डाग शेजारच्या पांढऱ्यात पसरतात. गंजाची छटाच हवी तर गेरू वापरा. तो मुळात लोहाचाच रंग, उजेडात उडत नाही. हळदीचा पिवळा मात्र काही आठवड्यांच्या उजेडातच फिका पडतो.

निळी_शाई
वाचनखूण साठवली. तिसरा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्करपणे सोडून दिला आहे :)

दुसरा_हात
तिसऱ्याकडे येतो. मोजमाप आणि उत्स्फूर्तता यांचं भांडण आहे असं मला वाटत नाही. पेस्ट सुकत असताना ती दर काही मिनिटांनी बदलते, आणि त्या-त्या वेळी ती काय करू देते हे ठाऊक असल्याशिवाय ‘हात चालेल तसं’ करताच येत नाही. मग हात चालतो, पण पेस्ट ऐकत नाही.

२ मिमी थर, पुण्याकडची मे महिन्यातली कोरडी हवा धरून अंदाजे वेळा देतो. पावसाळ्यात त्या दुपटीहून जास्त धरा.

पहिली १५ मिनिटं: पेस्ट पूर्ण ओली. नाइफ सपाट ठेवून सरळ वर उचलला की टोकं उभी राहतात. गोणपाट, जाळी, चुरगळलेला टिश्यू दाबायचा तो आत्ताच. रेघ ओढली तर तिच्या कडा पुन्हा वितळून मिळतात, म्हणून बारीक काम आत्ता नको.

१५ ते ४० मिनिटं: कंगवा, टाइल चिकटवायची दातेरी पट्टी, काट्याचा चमचा. खाचा उभ्या राहतात. हत्यार दर ओढीनंतर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरच्या गुठळ्या पुढच्या ओढीत चरे पाडतात.

४० ते ९० मिनिटं: वरची साय धरलेली, आत मऊ. नाइफच्या कडेने कापलेली रेघ स्वच्छ येते. एखादा भाग अख्खा खरवडून खालचा प्रायमर उघडा करायचा असेल तर हाच वेळ. यानंतर नव्याने पेस्ट थापू नका, खालची साय फाटून ओढली जाते.

त्यापुढे हात आवरा. दुसऱ्या दिवशी २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून काही उंचवटे घासा. या घासण्यातच चित्राचा निम्मा निर्णय होतो, कारण घासलेला भाग रंग कमी पितो आणि खडबडीत भाग जास्त.

आता ‘हात चालेल तसं’, म्हणजे अंतःप्रेरणेसाठी, काही उपाय. पर्याय आधीच कमी करून ठेवा: तीन हत्यारं, दोन रंग आणि पांढरा. टेबलावर पंधरा वस्तू असल्या की प्रत्येक वस्तू वापरून बघण्याचा मोह होतो आणि चित्राऐवजी नमुन्यांचा तक्ता तयार होतो. दर दहा मिनिटांनी फळी ९० अंशांत फिरवा. एकाच दिशेने काम केलं की नकळत क्षितिजरेषा तयार होते आणि मग तिथे डोंगर आणि समुद्र दिसायला लागतात. खोलीतला दिवा बंद करून बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून टॉर्च धरा. सावल्यांमुळे कुठे गर्दी झाली आहे आणि कुठे काहीच घडलेलं नाही हे लगेच दिसतं. साधारण दोन तृतीयांश भाग शांत राहिला तर उरलेल्या खडबडीला अर्थ येतो. सगळीकडे सारखंच टेक्श्चर असेल तर त्याची भिंत होते.

वजनकाटा
शेवटच्या वाक्याशी सहमत. पण ‘अंतःप्रेरणा’ हा शब्द पाहिला की मला शंका येते. पुष्कळदा ती हाताची सवय असते: उजव्या हाताने डावीकडून वर जाणारे तेच ते फटकारे.

दुसरा_हात
म्हणूनच फळी फिरवायची. सवय एका दिशेची असते, फिरवल्यावर ती चार दिशांत वाटली जाते. पट्टी डाव्या हातात धरणं हाही उपाय आहे, आयडीचं नाव उगीच नाही.

निळी_शाई
अमूर्त चित्रकार गायतोंड्यांनी अशीच पेस्ट वापरली होती का? बरेच व्हिडिओवाले ‘गायतोंडे शैलीचं टेक्श्चर’ म्हणून शिकवतात.

झिलई
नाही, आणि ही गल्लत सुधारायलाच हवी. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) तैलरंगात काम करत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरवायचा, मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून रंग उचलायचा, अशा रीतीने त्यांचे पृष्ठभाग घडले. तिथे उंचवटे थापलेले नाहीत. थर पातळ आहेत आणि खोली दिसते ती एकावर एक आलेल्या पारदर्शक थरांमुळे. घरी करून पाहायचं तर संगमरवर विसरा. गुळगुळीत फळी, संथ सुकणारा रंग, आणि वर्तमानपत्रापेक्षा कमी शोषणारा मासिकाचा कागद घ्या.

जाड, वाळूसारख्या पृष्ठभागाचं उदाहरण हवं तर बार्सिलोनाचे अंतोनी तापिएस (१९२३–२०१२) पाहा. रंगात संगमरवराची पूड आणि वाळू मिसळायची आणि त्या थरात ओरखडे, खुणा, छिद्रं करायची ही त्यांची पद्धत. आणि भेगांना घाबरणाऱ्यांनी अल्बेर्तो बुर्री (१९१५–१९९५) पाहावेत. इटलीच्या या चित्रकाराने १९७० च्या दशकात चिनी माती आणि गोंदाचे जाड थर मुद्दाम तडकू दिले. गोणपाट शिवून केलेली त्यांची चित्रं त्याआधीची.

खडबडीत
मुद्दाम भेगा पाडायच्या तर कृती उलटी करायची का?

वजनकाटा
हो, पण फक्त कडक फळीवर. चिनी माती ३ भाग, पांढरा गोंद १ भाग, पाणी लापशीइतकं. ५ ते ८ मिमी थर. जिथे थर जाड तिथे भेगा रुंद आणि लांब-लांब, जिथे पातळ तिथे बारीक जाळी. म्हणजे भेगांची रचना थराच्या जाडीने आखता येते. पूर्ण सुकल्यावर गोंद आणि पाणी १:३ करून भेगांत ब्रशने सोडा, दोन-तीन वेळा, नाहीतर खपल्या गळतील. आधी १० × १५ सेंमीच्या तुकड्यावर १, ३ आणि ६ मिमीच्या पट्ट्या करून बघा. तिथेच सुकल्यावर कटरने चौकडी कापून, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन पट्टीसोबत आले तर पकड नाही.

झिलई
रंगाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून.

पेस्टमध्येच रंग मिसळला तर संगमरवराच्या पांढऱ्यामुळे तो फिका आणि खडूसारखा होतो. गडद रंग हवा तर वरून द्या. सुकलेली पेस्ट शोषक असते, म्हणून आधी माध्यम आणि पाणी १:१ करून एक हात फिरवा. हा हात चुकला की पहिला रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो आणि काही केल्या पुसता येत नाही.

मग खाचांसाठी पारदर्शक रंग: बर्न्ट सिएना, थॅलो ब्लू, क्विनाक्रिडोन मजेंटा यांपैकी. एक भाग रंग, चार भाग ग्लेझिंग माध्यम (रंग पातळ आणि पारदर्शक करणारं), थोडं पाणी. रुंद ब्रशने सगळीकडे लावा आणि दोन-तीन मिनिटांत सुती फडक्याने उंचवटे पुसा. रंग खाचांत उरतो. सुकल्यावर उंचवट्यांवर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून फिकट अपारदर्शक रंग ओढा. दोन्ही पायऱ्या सगळ्या चित्रभर केल्या की टेक्श्चर उठून दिसतं खरं, पण चित्र शोभेच्या पॅनेलसारखं दिसायला लागतं. एखाद्या भागात खाच फिकट आणि उंचवटा गडद ठेवा, एखादा भाग तसाच कोरा सोडा.

मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. सगळं एकाच राखाडीत गेलं असेल तर आणखी रंग घालून उपयोग नाही, गडद-फिक्याचा फरक वाढवा.

तैलरंग अ‍ॅक्रिलिक पेस्टवर चालतात. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक पेस्ट कधीच नाही, पकडत नाही.

टोरांटोकर
थंड देशातल्यांसाठी: गराजमध्ये काम करताना तापमान १० अंशांच्या खाली असेल तर अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत. थर सुकलेला दिसतो, पण भुसभुशीत राहतो आणि बारीक भेगा येतात. नंतर घरात आणून ऊब दिली तरी तो सुधारत नाही. पेस्टचा डबाही गोठू देऊ नका. आणि घाई म्हणून हीट गन मारली की वरची साय फुगून फोड येतात.

एक प्रश्न: पूर्ण वाळल्याचं ओळखायचं कसं? वार्निश किती दिवसांनी?

वजनकाटा
हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करा. थंड लागलं तर आत अजून पाणी आहे. २ मिमीच्या थराला वार्निशआधी दोन आठवडे, ६ मिमीला किमान चार. आधी लावलं तर आतलं पाणी अडकून वार्निश दुधाळ दिसतं. मॅट वार्निश खाचांत साचलं तरीही पांढरट दिसतं, म्हणून दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक वेळी ब्रशची दिशा बदलून.

सुतारपक्षी
टांगणं आणि पाठवणं एवढं राहिलं.

मागच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्यांवर, वरून एक तृतीयांश अंतरावर, दोन डी-हुक. एमडीएफमध्ये थेट स्क्रू मारू नका, लाकडी पट्टीतच मारा. पाच किलोच्या वरचं चित्र दोन खिळ्यांवर टांगा, म्हणजे ते तिरकंही होत नाही.

पाठवताना बबल रॅप थेट चित्राला लावू नका. अ‍ॅक्रिलिक उन्हात मऊ पडतो, मे महिन्यात टेम्पोत ठेवलेल्या चित्रावर बुडबुड्यांचे गोल उमटतात आणि प्लास्टिक चिकटून बसतं. आधी बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद, मग चारही कडांना उंच टेक्श्चरपेक्षा एक सेंमी जास्त जाडीच्या फोमच्या पट्ट्या, त्यावर पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर. दोन चित्रं समोरासमोर तोंड करून कधीही बांधू नका.

टोरांटोकर
सिलिकॉनचा कागद लावताना गुळगुळीत बाजू आत की बाहेर?

सुतारपक्षी
कागद दोन्ही बाजूंनी लेपलेला असेल तर कशीही. एकाच बाजूने असेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा, जिथे थेंब गोल उभा राहतो ती बाजू चित्राकडे.